मलम किती, प्रकाश किती? त्वचेवरच्या उपचारांचा डोस समजून घेताना

‘एवढे दिवस मलम लावलं, काही फरक नाही’ आणि ‘लाइट घेतली आणि कातडी भाजली’ या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. डोस चुकलेला असतो. गोळीच्या बाबतीत डोस चुकायला फारसा वाव नसतो. ५०० मिलिग्रॅमची गोळी गिळली की ५०० मिलिग्रॅम औषध पोटात जातं. मलमाची ट्यूब किती दाबायची, कुठे चोळायचं, कधी थांबायचं हे मात्र सगळं लावणाऱ्याच्या हातात असतं. प्रकाशाच्या उपचारात तर औषध डोळ्यांना दिसतही नाही. दिसतो तो निळसर उजेड आणि टायमरवरचे सेकंद.

शिवाय त्वचेचं कामच मुळी बाहेरचं आत येऊ न देण्याचं आहे. तिचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर कागदापेक्षाही पातळ असतो, पण मलमातला बराचसा भाग तोच अडवतो आणि अतिनील किरणांचाही काही हिस्सा तिथेच शोषला जातो. म्हणून सोरायसिस असो, इसब असो की कोड, उपचार लागू पडणं न पडणं हे औषधाच्या नावाइतकंच मात्रेवर ठरतं.

पेराचं माप

‘पातळ थर लावा’ ही मलमाच्या खोक्यावरची सूचना वाचून कुणालाच नेमकं काही कळत नाही. एकाचा पातळ थर दुसऱ्याच्या तिप्पट असतो. त्यापेक्षा कार्डिफमधल्या लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये मांडलेलं माप कितीतरी कामाचं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक सलग रेघ काढायची. ही रेघ म्हणजे एक पेर. ट्यूबचं तोंड साधारण ५ मिलिमीटरचं असेल तर त्या रेघेत जवळपास अर्धा ग्रॅम मलम येतं. बोटं जुळवून ठेवलेले मोठ्या माणसाचे दोन पंजे जेवढी जागा झाकतील, तेवढ्या जागेला हे पुरतं. मुलाला लावायचं असलं तरी माप मोठ्या माणसाच्याच बोटाचं घ्यायचं. फक्त मुलाचं अंग लहान, त्यामुळे पेरं कमी लागतात.

मोठ्या माणसाचा चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं लागतात. पंजा सोडून एका हाताला तीन, पंजाला एक, एका पायाला सहा, पावलाला दोन, छाती-पोटाला सात आणि नितंब धरून पाठीला सात.

आता हिशेब करून पाहा. दोन्ही हातांवर खांद्यापासून मनगटापर्यंत इसब पसरलंय आणि दिवसातून एकदा मलम लावायचंय. तीन अधिक तीन, सहा पेरं, म्हणजे ३ ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर लागणाऱ्या औषधाच्या सहाव्या हिश्शावर इसब बरं करण्याचा प्रयत्न चाललाय. असं दीर्घकाळ थोडं थोडं लावत राहणं हा सगळ्यात वाईट मार्ग. दाह शमत नाही, खाज चालू राहते, नखं लागून त्वचा जाड होत जाते आणि जाड त्वचेतून औषध आणखीच कमी आत जातं. मध्यम आणि तीव्र स्टिरॉइड मलमांना (स्टिरॉइड म्हणजे दाह दाबणारं औषध) बहुतेकदा दिवसातून एकच वेळ पुरेशी असते. दोनदा लावून फायदा फारसा वाढत नाही, पण एका वेळी जेवढं लावायचं तेवढं पूर्ण लावायला हवं.

टक्क्यांवर जाऊ नका

ट्यूबवरचा टक्क्यांचा आकडा औषधाची ताकद सांगतो, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड आहे आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र गटातलं. आकडा वीसपट लहान, ताकद मात्र कित्येक पटींनी जास्त. टक्का फक्त एवढंच सांगतो की १०० ग्रॅम मलमात तो रेणू किती ग्रॅम आहे. रेणू किती जोरकस आहे हे त्याच्या नावावरून ठरतं. म्हणून ट्यूब हातात घेतली की आधी बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव वाचायचं. क्लोबेटासोलची मर्यादा मोठ्या माणसासाठी आठवड्याला ५० ग्रॅम आणि सलग दोन आठवडे अशी आहे, आणि चेहरा, काख, जांघ या जागा त्यातून वगळलेल्या आहेत.

या जागा का वगळायच्या, हे समजलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. फेल्डमन आणि माइबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कोणत्या भागातून किती शोषलं जातं हे मोजलं होतं. हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूतून जेवढं शोषलं जातं ते १ धरलं, तर तळपायातून सुमारे ०.१४, डोक्याच्या त्वचेतून ३.५, कपाळातून ६, जबड्याच्या भागातून १३ आणि वृषणाच्या त्वचेतून ४२ पट औषध आत गेलं. म्हणजे तळपायाच्या भेगाळलेल्या सोरायसिससाठी दिलेलं मलम जांघेत लावलं, तर औषध तेच राहत नाही. डोस कुठल्या कुठे जातो. पापण्या तर त्याहून नाजूक. तिथे दीर्घकाळ स्टिरॉइड लावल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

डोस वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे झाकणं. मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं की शोषण कित्येक पटींनी वाढतं. जाड चट्ट्यांवर डॉक्टर हे मुद्दाम करायला सांगतात. बाळाच्या लंगोटाखाली किंवा पोटाच्या वळीत ते आपोआप घडतं आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मलम, क्रीम, लोशन, जेल हा फरकही केवळ आवडीनिवडीचा नाही. तेलकट मलमात पाणी जवळपास नसतं. ते त्वचेवर झाकणासारखं बसतं, म्हणून कोरड्या, जाड, भेगा पडलेल्या जागी उत्तम. क्रीममध्ये पाणी असतं, ते ओलसर, पाझरणाऱ्या किंवा घडीच्या जागी बरं. डोक्यावर किंवा छातीवरच्या केसांत लोशन, जेल किंवा फोम. क्रीम आणि जेलमध्ये टिकण्यासाठी आणि पोत राखण्यासाठी जास्त घटक घालावे लागतात, त्यामुळे चिरलेल्या त्वचेवर ती झोंबतात. झोंबलं म्हणजे ॲलर्जी झाली असं लगेच धरून औषध टाकून देऊ नका. बऱ्याच वेळा नुसतं क्रीमऐवजी मलम घेतलं तरी प्रश्न सुटतो.

भीती आणि अतिरेक

स्टिरॉइड मलमाच्या बाबतीत माणसं दोन टोकांना असतात. काहीजण भीतीने लावतच नाहीत, तर काहीजण वर्षानुवर्षं गोरेपणाचं क्रीम म्हणून चेहऱ्यावर फासतात. पहिल्यांचं इसब विनाकारण चिघळतं. दुसऱ्यांच्या चेहऱ्याचं जे होतं ते पाहवत नाही: त्वचा पातळ होऊन लाल केशवाहिन्या दिसू लागतात, बारीक पुरळ येतं, गालांवर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. आणि मलम थांबवलं की दोन-चार दिवसांत चेहरा लालभडक होऊन फुलतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. यातून बाहेर पडायला महिने लागतात, तेही त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

तिसरी चूक नायट्याची. बुरशीमुळे झालेल्या नायट्यावर स्टिरॉइड लावलं की खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते, कारण शरीराची प्रतिक्रिया दबते. बुरशी मात्र निवांत पसरते. नेहमीची स्पष्ट लाल कडा पुसट होते, चट्टा विचित्र आकाराचा दिसतो, आणि मग अनुभवी डॉक्टरांनाही खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. गोल चट्टा, कडेला उठावदार आणि मधे निवळत चाललेला असेल, तर निदान होईपर्यंत कोणतंही स्टिरॉइड किंवा ‘तीन औषधं एकत्र’ असलेलं मिश्रण लावू नये.

इसबासाठी योग्य रीत अशी: भडकलं की पुरेशा ताकदीचं मलम पुरेशा प्रमाणात, त्वचा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. नुसती लाली गेली म्हणून थांबायचं नाही. बोट फिरवून खडबडीतपणा जाणवतो का ते पाहायचं. त्यानंतर ज्या जागा पुन्हा पुन्हा उफाळतात, त्यांवर आठवड्यातून दोन दिवस मलम चालू ठेवतात. याने पुढचा भडका लांबतो. चेहरा, पापण्या, मान अशा ठिकाणी हे काम टॅक्रोलिमस या स्टिरॉइड नसलेल्या मलमावर सोपवता येतं. मोठ्यांना ०.१ टक्के, २ वर्षांपुढच्या मुलांना ०.०३ टक्के. त्याने त्वचा पातळ होत नाही. पहिले काही दिवस मात्र चांगलीच आग होते, आणि हे आधी सांगितलं नाही तर दहापैकी बरेचजण तिसऱ्या दिवशी ट्यूब फेकून देतात. त्वचा सुधारत जाते तशी आग कमी होते. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवल्यानेही फरक पडतो.

या सगळ्याच्या तळाशी साधं मॉइश्चरायझर असतं, आणि त्याचं प्रमाण ऐकून लोक चकित होतात. अंगभर कोरडेपणा असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. अंघोळीनंतर अंग टिपून, त्वचा दमट असतानाच लावावं. मॉइश्चरायझर आणि औषधी मलम एकावर एक लगेच थापलं की औषध पातळ होऊन भलतीकडे पसरतं, म्हणून दोन्हींमध्ये १५ ते ३० मिनिटांचं अंतर ठेवा. आणखी एक, जिवाशी संबंधित: मॉइश्चरायझर शोषलेले कपडे आणि चादरी फार लवकर पेट घेतात. विडी-सिगारेट, शेगडी, मेणबत्ती यांपासून लांबच राहायचं.

सोरायसिससाठी कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध वापरतात. त्याला चार ते आठ आठवडे द्यावे लागतात आणि आठवड्याला १०० ग्रॅमची मर्यादा पाळावी लागते, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. खपल्या काढणारं सॅलिसिलिक आम्ल त्यात मिसळलं की आम्लामुळे हे औषध निष्क्रिय होतं. दोन्ही हवीच असतील तर एक सकाळी, एक रात्री. मुरुमांसाठीचं ॲडापलीन संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढंच, रात्री, कोरड्या त्वचेवर. नुसत्या फोडावर ठिपका लावून उपयोग नाही, कारण त्याचं काम नवे फोड येऊ न देण्याचं आहे. परिणाम ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. गरोदरपणात ते टाळतात.

प्रकाश हेही औषधच

प्रकाशाने त्वचारोग बरा करण्याचं आधुनिक शास्त्र नील्स फिनसेन यांच्यापासून सुरू होतं. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल त्यांना १९०३ चं नोबेल मिळालं. आज सर्वांत जास्त वापर आहे तो नॅरोबँड यूव्हीबीचा. यूव्हीबी हा अतिनील किरणांचा एक प्रकार. हे किरण ३११ ते ३१३ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात असतात. १९८१ मध्ये पॅरिश आणि येनिके यांनी सोरायसिस नेमक्या कोणत्या तरंगलांबीने बरा होतो हे तपासलं. २९० च्या आसपासचे आणि त्याखालचे किरण त्वचा भाजतात, पण सोरायसिसवर काम करत नाहीत, आणि ३१० च्या जवळपासचे किरण भाजण्याच्या मात्रेपेक्षा कमीतही गुण देतात, असं दिसलं. त्यावरून नेमके हेच किरण देणाऱ्या दिव्याच्या नळ्या तयार झाल्या. हे किरण त्वचेत घुसलेल्या दाहकारक टी पेशींना (रोगप्रतिकारक पेशींच्या एका प्रकाराला) मारतात, पेशींची अतिवेगाने होणारी वाढ रोखतात आणि कोडात रंगपेशींना जागं करतात.

मग उन्हात बसलं तर काय बिघडलं? उन्हात हे किरण असतातच. पण वेळ, ऋतू, ढग, उंची यांप्रमाणे त्यांचं प्रमाण सतत बदलतं. मात्रा मोजता येत नाही, आणि सोबत भाजणारे किरणही येतात. काचेच्या खिडकीमागे बसून तर काहीच साधत नाही: साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण मात्र आत येऊ देते. म्हणजे उपचार शून्य आणि वांग असेल तर तो काळवंडणार. सौंदर्यप्रसाधन म्हणून वापरली जाणारी टॅनिंगची यंत्रं मुख्यतः यूव्हीए देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. उपचार म्हणून त्यांचा विचारही करू नये.

प्रकाशाचा डोस मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. गणित सोपं आहे: डोस म्हणजे दिव्याची तीव्रता गुणिले सेकंद. समजा दिव्याची तीव्रता त्वचेजवळ २.५ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर आहे आणि द्यायचेत ३०० मिलिज्यूल. ३०० भागिले २.५, म्हणजे १२० सेकंद. वापरून वापरून नळ्या मंदावतात. तीव्रता २ वर आली की त्याच डोसला १५० सेकंद लागतात. पुढे कुणी नळ्या बदलल्या आणि टायमर मात्र १५० वरच राहिला, तर त्वचेला ३७५ मिलिज्यूल बसतात, म्हणजे एकदम २५ टक्के जास्त. दिवा बदलल्याच्या आठवड्यात माणसं भाजतात ती यामुळे. तीव्रता मीटरने मोजून सेकंद नव्याने काढणं, हाच उपाय. अंतरही ठरलेलं हवं. दिव्याच्या दिशेने पुढे झुकलं तरी डोस वाढतो.

सुरुवात कमीतून होते. काही ठिकाणी आधी पाठीवर किंवा हातावर छोट्या चौकोनांत चढते डोस देऊन २४ तासांनी पाहतात आणि ज्या किमान डोसला लाली आली त्याच्या ७० टक्क्यांपासून आरंभ करतात. काही ठिकाणी त्वचेच्या वर्णावरून डोस ठरवतात. कोडासाठी बहुधा सगळ्यांनाच २०० मिलिज्यूलपासून सुरू करतात. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही, कारण यूव्हीबीची लाली चढायला आणि पूर्ण दिसायला दिवसभर लागू शकतो. काल भाजलंय की नाही हे कळायच्या आत आज पुन्हा दिवा दिला तर एकावर एक भाजतं.

दर वेळी १० ते २० टक्क्यांनी डोस वाढवतात. वाढवावाच लागतो, कारण किरणांना उत्तर म्हणून त्वचा जाड आणि गडद होत जाते आणि तोच डोस पुढे अपुरा पडतो. पुढचा डोस रुग्णाच्याच सांगण्यावर ठरतो, म्हणून नीट पाहून सांगायला हवं. काहीच लाली आली नाही तर डोस वाढतो. फिकट गुलाबी झाली आणि २४ तासांच्या आत मावळली तर तोच डोस राहतो. त्याहून जास्त टिकली, दुखली किंवा फोड आला तर बरं होईपर्यंत थांबून मागच्या सोसलेल्या डोसवर यायचं. ‘थोडंसं लाल झालं होतं, पण सांगितलं तर डोस कमी करतील’ म्हणून लपवलं की पुढच्या वेळी फोड ठरलेले. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे ऊबदारपणा, हुळहुळणं, स्पर्शाला दुखणं याकडे लक्ष द्यायचं.

खंड पडला तर? कोडाच्या उपचारात सर्वसाधारण नियम असा: ४ ते ७ दिवस गेले असतील तर डोस तोच, ८ ते १४ दिवस गेले तर २५ टक्के कमी, १५ ते २१ दिवसांत निम्मा, आणि तीन आठवड्यांहून जास्त तर पुन्हा पहिल्यापासून. सुटीवरून आल्यावर जुन्याच आकड्यावर उभं राहणं ही फार नेहमीची आणि टाळता येण्याजोगी चूक आहे.

दिव्यासमोर जाताना डोळ्यांवर अतिनील किरण अडवणारा चश्मा लागतोच. पुरुषांनी जननेंद्रिय झाकायचं. दर वेळी कपडे सारखेच ठेवायचे, हे ऐकायला किरकोळ वाटतं पण तसं नाही: गेले वीस डोस मोज्याखाली झाकलेला घोटा आज उघडा ठेवला, तर शरीराला सवय झालेला मोठा डोस त्या जागेला पहिल्यांदाच बसतो. आधी सॅलिसिलिक आम्ल किंवा जाड थराचं मलम लावू नये, ते किरण अडवतं. कॅल्सिपोट्रिऑल दिव्यानंतरच. नवीन कोणतीही गोळी सुरू झाली तर आधी सांगायचं. डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइड यांसारखी औषधं त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करतात. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असलेल्यांना हा उपचार देत नाहीत. गरोदरपणात नॅरोबँड यूव्हीबी चालतं. फक्त किरणांमुळे फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व कमी होऊ शकतं म्हणून फॉलिक ॲसिडकडे लक्ष ठेवतात.

सोरायसिसला साधारण २० ते ३६ सत्रांत निकाल दिसतो. कोडाला धीर लागतो. तिथे नवा रंग मुख्यतः केसांच्या मुळातल्या राखीव रंगपेशींमधून येतो, म्हणून पांढऱ्या डागात आधी टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके उगवतात आणि ते पसरून एकमेकांना मिळतात. चेहऱ्यावर केसांची मुळं दाट, तिथे रंग लवकर भरतो. बोटांची टोकं, ओठ, तळवे इथे केसच नाहीत, तिथे अपेक्षा कमी ठेवलेली बरी. डागातले केसही पांढरे झाले असतील तर राखीव साठाच संपलेला असतो. उपयोग नाही असं म्हणण्याआधी किमान ७२ सत्रं द्यावीत, असं कोडाच्या तज्ज्ञांचं मत आहे. आठवड्याला तीन धरली तरी सहा महिने होतात. दर महिन्याला त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढून ठेवावा. रोज आरशात पाहणाऱ्याला हे ठिपके जाणवत नाहीत आणि बरेचजण नेमके ते उगवायला लागल्यावर उपचार सोडतात.

पूव्हा ही त्याआधीची पद्धत. सोरालेन हे त्वचेला प्रकाशाबाबत हळवं करणारं औषध घेऊन वर यूव्हीए द्यायचं. यात भाजणं दोन-तीन दिवसांनी शिगेला पोचतं, गोळी घेतल्यावर २४ तास डोळे जपावे लागतात, आणि २०० च्या वर सत्रं झाल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. नॅरोबँडबाबत तशी स्पष्ट वाढ आतापर्यंत दिसलेली नाही, तरी एकूण सत्रांची नोंद ठेवतातच. सोरालेनचं द्रावण घरी डागाला लावून अंदाजाने उन्हात बसणं मात्र टाळाच. मोठे फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कोड वाढूही शकतं. मोजके डाग असतील तर ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर दिवा किंवा लेझर फक्त डागावर देता येतो, बाकीच्या त्वचेला झळ नाही.

घरी वापरायचं यंत्र घेणार असाल, तर विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा: किरणांची तरंगलांबी, ठरलेल्या अंतरावरची तीव्रता, आणि नळ्या किती तासांनी मंदावतात. यांपैकी एकही आकडा मिळत नसेल तर ते यंत्र घेऊ नका, कारण सेकंद कशावरून काढायचे हेच ठरवता येणार नाही. वहीत दर वेळी तारीख, सेकंद, जागा आणि दुसऱ्या दिवशीची लाली लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या.